स्प्रेने रंगवलेली गिटार: रंग वाळतो तासाभरात, पक्का व्हायला महिना जातो

मी रंगवलेल्या पहिल्या गिटारच्या पाठीवर टर्किश टॉवेलची वीण उमटलेली आहे. शेवटचा हात देऊन अकरा दिवस झाले होते. बोट लावलं तर चिकटत नव्हतं, चमकही सुरेख आली होती. म्हणून पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग) बसवायला मी ती जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून उताणी ठेवली. तासाभराने उचलायला गेले तर टॉवेलही तिच्यासोबत उचलला गेला. हलक्या हाताने सोडवला, आणि खाली निळ्या रंगात टॉवेलचा एकेक टाका मोजता येईल इतका स्पष्ट छापलेला होता.

त्यानंतर ठाण्यात घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी आणखी चार गिटारी रंगवल्या. दोन चांगल्या झाल्या, एक पुन्हा खरवडावी लागली, आणि चौथीवर आता नख रोवूनही खूण उठत नाही. या सगळ्यात जे कळलं ते पहिल्यांदा डबा हातात घेणाऱ्यासाठी इथे क्रमाने लिहिते आहे. माझा अनुभव इलेक्ट्रिक गिटारच्या भरीव बॉडीचा आहे. अकूस्टिक गिटारची वरची फळी पातळ असते, तिच्यावर रंगाचा जाड थर बसला की आवाज दबतो, म्हणून पहिला प्रयोग तिच्यावर करू नका.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वाळणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. दुधावर साय धरते तेव्हा वरून हात लावला तर घट्ट लागतं, खाली दूध पातळच असतं. स्प्रेच्या रंगाचंही तसंच. वरचा पापुद्रा काही मिनिटांत वाळतो आणि खालचं थिनर आत अडकतं. ते बाहेर पडायला लागतो तो वेळ म्हणजे पक्कं होण्याचा वेळ. या लेखातल्या बहुतेक पायऱ्या साय जाड धरू नये आणि आतल्या थिनरला बाहेर पडायला वाट राहावी, यासाठीच आहेत.

१. डब्यात काय आहे ते आधी ओळखा

दुकानात "स्प्रे पेंट" मागितलं की समोर येतील ते सगळे डबे दिसायला सारखेच. आतला माल मात्र वेगवेगळ्या रीतीने कडक होतो, आणि किती थांबायचं ते त्यावरच ठरतं.

एनसी लॅकर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. हे फक्त थिनर उडून कडक होतं, आत कुठलीही रासायनिक क्रिया होत नाही. त्यामुळे नवा हात जुन्या हाताला थोडासा विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. दुरुस्तीला हे सर्वात सोपं. वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजमध्ये रंगकाम करणाऱ्या काकांकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते याला सारखं "ड्यूको" म्हणत होते. ड्यूको हे ड्यूपाँ कंपनीने १९२० च्या दशकात मोटारींसाठी काढलेल्या लॅकरचं नाव. पुढे फेंडर कंपनीने आपल्या रंगीत गिटारींना ड्यूपाँचे हेच मोटारींचे रंग वापरले. म्हणून गिटारचा रंग शोधताना गाडीच्या रंगाच्या दुकानात शिरायला लाजू नका. वाट तीच आहे.

ॲक्रिलिक लॅकर. गाडीच्या टचअपसाठी मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत हेच असतं. वागणूक एनसीसारखीच, थिनर उडून कडक होणारं.

इनॅमल. लोखंडी गेट, ग्रिल, सायकल यांच्यासाठीचे बरेच डबे या जातीचे. यातलं थिनर उडतं आणि त्यानंतर रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतो. म्हणून याला खेळती हवा लागते, आणि दोन हातांमधल्या वेळेचा नियम फार कडक असतो. डब्यावर "एका तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर" असं काही लिहिलेलं असेल तर ते शब्दशः पाळा. मधल्या काळात दुसरा हात मारला तर अर्धवट कडक झालेला खालचा थर फुगतो आणि अख्ख्या बॉडीवर सुरकुत्या पडतात.

दोन भागांचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. यात हार्डनर मिसळावा लागतो आणि रासायनिक क्रियेने ते काही दिवसांत दगडासारखं होतं. फिनिश अप्रतिम येतं, पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. घराच्या बाल्कनीत हे करू नका. हवंच असेल तर बॉडी गाड्यांच्या पेंट बूथवाल्याकडे द्या.

सापळा: लॅकर आणि इनॅमलची भेसळ. लॅकरमधलं थिनर जहाल असतं, ते इनॅमलला उचलतं. रंग एका जातीचा आणि वरचं क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, दुसऱ्या जातीचं घेतलंत तर पंधरा मिनिटांत पृष्ठभाग मगरीच्या पाठीसारखा होतो. प्रायमर, रंग आणि क्लिअर एकाच जातीचे आणि शक्यतो एकाच कंपनीचे घ्या.

जुन्या गिटारवर आधीपासून कसला रंग आहे ते पाहायचं असेल तर नेक (गिटारची लांब मान) काढून ती बसते त्या खाचेत थिनरचा कापूस मिनिटभर दाबून धरा. रंग चिकट झाला तर लॅकर. काहीच झालं नाही तर बहुधा पॉली, म्हणजे पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर. असा पॉलीचा थर घट्ट धरून असेल तर तो पूर्ण काढायची गरज नाही, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने खरखरीत करून त्यावर रंग देता येतो.

२. सामान

हे सगळं आधी गोळा करा. अर्ध्यात बाजारात धावलं की दोन हातांमधल्या वेळेचं गणित चुकतं.

- रंगाचे ४०० मिलीचे २ डबे, क्लिअरचे ३ डबे. एका बॉडीला मला एवढे लागतात.
- सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बंद करणारा तळाचा हात), आणि लाकडाचे रेषे उघडे असतील तर ते भरून काढणारा ग्रेन फिलर.
- पॉलिश पेपर १५०, २२० आणि ३२०. वॉटर पेपर ४००, ६००, ८००, १०००, १२००, १५०० आणि २०००. लाकडाच्या हार्डवेअर दुकानात १००० च्या पुढचे नंबर अनेकदा नसतात, गाडीच्या रंगाच्या दुकानात हमखास मिळतात.
- सेंद्रिय वाफेसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क. करोनातला एन-९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. यावर पैसे वाचवू नका.
- नायट्राइल हातमोजे, चष्मा, मास्किंग टेप, जुन्या सुती बनियनच्या चिंध्या.
- आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर. चार-पाचशे रुपयांत येतं, आणि माझ्या मते या यादीतली सर्वात महत्त्वाची वस्तू हीच.
- त्याच लाकडाचा नसला तरी चालेल, पण वीतभर फळीचा एक तुकडा. याला मी "साक्षीदार" म्हणते. बॉडीला जे जे कराल ते सगळं याच्यावरही करायचं. का ते पुढे येईल.
- रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) आणि बारीक पॉलिश. दोन्हींत सिलिकॉन नको.

३. दिवस निवडा

ठाण्यात रंगकामाचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. माझ्या मीटरवर जुलैमध्ये बाल्कनीत ८५ ते ९० टक्के आर्द्रता दिसते, जानेवारीच्या दुपारी तीच ४० ते ४५ वर येते. इतका फरक एकाच बाल्कनीत.

दमट हवेत लॅकरला काय होतं ते सांगते. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, म्हणून रंगाचा थर आसपासच्या हवेपेक्षा गार होतो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसं पाणी सुटतं, तसं हवेतलं बाष्प त्या गार थरावर उतरतं आणि रंगात अडकतं. क्लिअरवर दुधाळ पांढरी झाक दिसू लागते. काळ्या किंवा गडद निळ्या रंगावर ती फार उठून दिसते.

माझा नियम असा. ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर डबा उचला. ७० च्या वर असेल तर ठेवून द्या, लग्नाला वाजवायची असली तरी. दिवसातली वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. थंडीतही सकाळी सात-आठला हवा दमट असते आणि संध्याकाळी पुन्हा होते. कोलशेत, बाळकूम किंवा कळव्यात खाडीच्या अंगाला राहत असाल तर स्वतःचं मीटर बघा, शहराचा आकडा तुमच्या बाल्कनीला लागू पडेलच असं नाही.

मार्च ते मे करता येतं, पण भर दुपारी ऊन इतकं असतं की रंग लाकडावर पोचण्याआधीच हवेत अर्धा सुकतो आणि रवाळ बसतो. एप्रिलपासून दमटपणाही चढतो. जून ते सप्टेंबर मात्र लाकूडकाम, घासकाम आणि वायरिंग करा. रंग नको.

पावसाळ्यात न रंगवण्याचं आणखी एक कारण आहे. लाकूड त्या दिवसांत हवेतलं पाणी पिऊन थोडं फुगलेलं असतं. त्यावर रंग दिला आणि जानेवारीत लाकूड आक्रसलं की फळ्यांच्या सांध्याची रेष रंगातून वर दिसायला लागते. माझ्या तिसऱ्या गिटारवर ती रेष आहे.

४. जागा आणि आगीची काळजी

हा भाग घाईत वाचू नका. लॅकर, थिनर आणि डब्यातला दाबलेला वायू, तिन्ही भडकणारे. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत घरात शिरते. बाल्कनीचा घराकडचा दरवाजा बंद करा आणि फटीत ओलं फडकं लावा. स्वयंपाकघरातला गॅस, गॅस गिझर, देवघरातली समई आणि उदबत्ती, सगळं विझलेलं असायला हवं. संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली की त्याआधी दोन तास रंग बंद. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण असेल तर गच्ची किंवा ओळखीचं गॅरेज बघा.

गच्चीवर सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून जा. वारा असेल तर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याचा तीन बाजूंचा आडोसा करा, नाहीतर निळे ठिपके शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर जातील.

धूळ ही आमच्या रस्त्याची मोठी अडचण. मेट्रोचं काम, टॉवरांची बांधकामं, दिवसरात्र डंपर. रंगकामाच्या आदल्या संध्याकाळी बाल्कनीची भिंत, ग्रिल आणि फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. ऐन वेळी पाणी शिंपडू नका, धूळ बसते पण आर्द्रता वाढते.

बॉडी टांगायला नेकच्या खाचेतल्या स्क्रूच्या भोकांमध्ये लाकडी पट्टी पक्की बसवा आणि तिला हुक लावा. कपडे वाळत घालायची छताची दांडी यासाठी उत्तम, वजन सहज पेलते. त्या दिवशी घरात ओले कपडे मात्र नकोत. एकदा आतल्या खोलीत एक बादलीभर धुणं पसरलं होतं आणि मीटर तासाभरात ५८ वरून ७१ वर गेलं.

५. लाकूड तयार करा

इथे थोडक्यात सांगते. १५०, २२०, मग ३२० ने रेषांच्या दिशेने घासा. साग, शिसम अशा तेलकट लाकडाला थिनरच्या चिंधीने दोनदा पुसा, कारण त्यातलं तेल विशेषतः इनॅमलला नीट कडक होऊ देत नाही. ग्रेन फिलर भरलात तर त्याला पूर्ण वाळू द्या. ओल्या फिलरवर रंग चढवला की तो महिन्याभराने खाली बसतो आणि गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात.

नेकच्या खाचेत रंग नको, तिथे टेप लावा. रंगाच्या थराने नेक नीट बसत नाही.

सापळा: सिलिकॉन. फर्निचर पॉलिश, गाडीच्या डॅशबोर्डचा स्प्रे, कुलूप सोडवायचा स्प्रे, यांतलं काहीही त्या खोलीत उडालेलं असेल तर रंग ठिकठिकाणी मागे सरून माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. घासल्यानंतर बॉडीला उघड्या हाताने धरू नका, केसाचं तेल हाताला असतंच.

६. हात देणं

डबा कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवा. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीला चालेल इतकंच. उकळतं पाणी किंवा गॅसची शेगडी अजिबात नाही, डबा फुटतो. कोमट डब्याचा फवारा बारीक आणि एकसारखा येतो. आतली गोळी खुळखुळू लागल्यावर आणखी दोन मिनिटं हलवा.

अंतर २५ ते ३० सेंटीमीटर, म्हणजे साधारण सव्वा वीत. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करा, सरळ रेषेत पुढे न्या आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच बोट सोडा. पुढचा पट्टा आधीच्या अर्ध्यावर यायला हवा. मनगट फिरवू नका, अख्खा हात चालू द्या.

पहिला हात इतका विरळ द्या की खालचं लाकूड दिसत राहील. नव्या माणसाला हेच जमत नाही, मलाही जमलं नव्हतं. एकदम झाकून टाकावंसं वाटतं. वागळे इस्टेटचे काका माझी टॉवेलवाली गिटार हातात फिरवत म्हणाले होते, "ताई, तुम्ही चार हातांचा माल एका हातात ओतलाय. हा वर्षभर मऊ राहील." वर्ष नाही, पण पाच महिने ती खरंच मऊ राहिली.

लॅकरसाठी माझं वेळापत्रक असं:

- दिवसाला तीन हात, दोघांमध्ये एक तास. त्याच दिवशी चौथा हात नाही, कितीही मोह झाला तरी.
- मग पूर्ण एक दिवस विश्रांती.
- रंगाचे तीन ते चार हात, क्लिअरचे आठ ते दहा. म्हणजे विश्रांतीसकट आठ ते दहा दिवस.
- क्लिअरच्या तीन हातांनंतर उंचवटे आणि धुळीचे कण ६०० ने अगदी हलके घासून काढा. मेटॅलिक रंगावर थेट घासू नका, चट्टे पडतात.

प्रत्येक वेळी साक्षीदार फळीलाही तेवढेच हात, त्याच वेळी. काम झालं की डबा उलटा धरून दोन सेकंद फवारा, नुसती हवा आली की नोझल साफ.

ओघळ आला तर ओला असताना बोट लावू नका. दोन-तीन दिवस वाळू द्या, मग ब्लेडने खरवडून ६०० ने सपाट करा. पांढरी झाक आली तरी घाबरू नका. बहुतेक वेळा कोरड्या दिवशी क्लिअरचा एक अगदी विरळ, ओलसर फवारा दिला की वरचा थर पुन्हा थोडा विरघळतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. पण तो कोरडा दिवस येईपर्यंत पुढचे हात चढवू नका, झाक खाली गाडली जाते.

स्प्रे गनने मारणाऱ्यांना दुकानदार रिटार्डर देतो. त्याने लॅकर सावकाश वाळतं आणि पांढरं पडत नाही. ते डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. जास्त झालं तर तेच आत अडकून बसतं आणि रंग आठवडेच्या आठवडे मऊ राहतो.

७. थांबणं

शेवटचा हात दिल्यावर खरं काम सुरू होतं, आणि नेमकं इथेच सगळे चुकतात, कारण गिटार तयार दिसत असते.

कोरड्या हवेत एनसी आणि ॲक्रिलिक लॅकरला किमान चार आठवडे द्या. थर जाड झाले असतील किंवा मध्ये ढगाळ दिवस आले असतील तर सहा ते आठ. इनॅमललाही चार आठवडे, आणि त्याला मी आणखी पंधरा दिवस जास्त देते. कॅलेंडरवर शेवटच्या हाताची तारीख लिहा, अंदाजावर सोडू नका.

बॉडी टांगलेलीच ठेवा. कशावर टेकवायची नाही, कशात गुंडाळायची नाही. बबल रॅपचे गोल, वर्तमानपत्राची अक्षरं, गादीची चादर, सगळं छापलं जातं. पहिले दोन-तीन दिवस बाल्कनीतच राहू द्या, म्हणजे जास्तीत जास्त वाफ बाहेर जाईल. मग सावलीतल्या, खिडकी थोडी उघडी राहणाऱ्या खोलीत हलवा. पंखा चालेल, पण तो खोलीतली हवा हलवण्यापुरता. थेट बॉडीवर नको.

आता घरातले आणि शेजारी जे उपाय सुचवतात ते एकेक करून बघू.

उन्हात ठेव. नको. उन्हाने आधी साय घट्ट होते. शिवाय लाकडाच्या छिद्रांतली हवा तापून फुगते आणि रंगात बुडबुडे येतात. तापलेल्या गडद बॉडीचे चिकटवलेले सांधेही हलू शकतात.

हेअर ड्रायर मार. नको, तेच कारण. वर उडणाऱ्या धुळीचं आणखी एक.

गणपतीच्या कारखान्यात पावसाळ्यात मूर्ती वाळवायला हॅलोजन लावतात, तसा लाव. मूर्तीतून पाणी उडवायचं असतं, तिथे ती ऊब कामाची. इथे भडकणारं थिनर उडतंय, आणि तापलेला दिवा त्याच्या वाफेशेजारी ठेवणं जिवावरचं आहे.

कपाटात ठेव, आर्द्रता शोषणाऱ्या पिशव्या टांग. हा उपाय ऐकायला इतका शहाणा वाटतो की दुसऱ्या गिटारला मी तोच केला. पिशव्यांनी पाणी शोषलं, थिनर नाही. बंद कपाटात थिनरची वाफ तशीच कोंडली, आणि तीन आठवड्यांनी दार उघडलं तेव्हा डोळ्यांना झोंबलं. आतल्या हवेतच थिनर भरलेलं असेल तर रंगातलं थिनर बाहेर यायला तयार होत नाही. रंगाला कोरडी हवा तर हवीच, पण ती बदलत राहणारीही हवी.

एसीच्या ड्राय मोडचा उपयोग होतो, मात्र पहिला आठवडा उलटून वास बराच कमी झाल्यावर, आणि दिवसातून दोनदा खिडक्या उघडून. झोपायच्या खोलीत नको.

८. पक्का झाला की नाही, कसं ओळखायचं

तीन परीक्षा आहेत. तिन्ही साक्षीदार फळीवर घ्या, बॉडीवर नाही.

वास. फळी नाकाजवळ धरा. थिनरचा वास येतोय म्हणजे थिनर अजून निघतंय. नाक सरावलेलं असतं, म्हणून मी फळी रात्रभर स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेवते आणि सकाळी चहाच्या आधी उघडून हुंगते. डबाभर वास दाटलेला असेल तर आणखी एक आठवडा, मग पुन्हा तेच.

नख. अंगठ्याचं नख जोर लावून दाबा आणि दिव्याखाली तिरपं धरून बघा. चंद्रकोरीसारखी खूण राहिली तर थांबा.

वॉटर पेपर. ८०० ने चार-पाच हात फिरवा. पांढरी कोरडी पूड निघाली तर पक्का. कागदावर चिकट गोळ्या जमल्या तर आत अजून मऊ आहे.

९. वॉटर पेपर आणि चमक

तिन्ही परीक्षा पास झाल्या की रबराच्या ठोकळ्याला कागद गुंडाळून ८०० पासून २००० पर्यंत एकेक पायरी चढा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. प्रत्येक पायरीवर आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण जायला हवेत, नाहीतर ते कंपाउंडने जात नाहीत. कडांवर ८०० लावूच नका, तिथे थर सर्वात पातळ असतो आणि क्षणात लाकूड उघडं पडतं.

स्क्रूच्या भोकांत आधी मेणबत्तीचं मेण भरा. भोकात पाणी शिरलं की लाकूड फुगतं आणि भोवतीचा रंग तडकतो. कागद ओला ठेवा, बॉडी नव्हे.

मग कंपाउंड, हाताने, बनियनच्या कापडाने, गोल गोल. ड्रिलला बफ लावलात तर एका जागी थांबू नका. घर्षणाने लॅकर तापून मऊ होतं आणि कापडाला चिकटून निघतं.

लॅकर घासून झाल्यावर उरलेली कोरडी पूड आणि थिनरच्या चिंध्या पेटायला ठिणगी पुरे. चिंध्या पाण्यात भिजवा, पूड ओल्या फडक्याने पुसा, आणि दोन्ही कोरडं होण्याआधी घराबाहेर काढा.

१०. महिना झाला तरी मऊ आहे

आधी कारण शोधा. जाड थरांचं लॅकर असेल तर उपाय आहे: ८०० ने सगळीकडे अगदी हलके घासा. वरची साय मोडते आणि आतल्या थिनरला वाट मिळते. मग आणखी तीन-चार आठवडे टांगा. माझी टॉवेलवाली गिटार अशीच सावरली, फक्त पाठीवरची वीण मी मुद्दाम घासून घालवली नाही.

हार्डनर घालायला विसरलेलं किंवा कमी पडलेलं पीयू कितीही थांबलात तरी पक्कं होत नाही. ते खरवडून काढावंच लागतं. लाकडावर मेण, तेल किंवा सिलिकॉन राहिलं असेल तरीही तेच. अशा वेळी उघड्या लाकडापासून पुन्हा सुरुवात करताना मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात मध्ये द्या. ती खालची घाण अडवते आणि लॅकर तिच्यावर छान बसतं. साध्या चपड्यात (बाजारातल्या नेहमीच्या लाखेत) मेण असतं, तो वापरू नका.

११. जोडणी आणि नंतर

स्क्रूच्या भोकांच्या तोंडाशी जमलेला रंग मोठ्या ड्रिल बिटने हाताने फिरवून काढा, नाहीतर स्क्रू आत जाताना रंग उचलून तडा देतो. स्क्रूला साबण किंवा मेण लावा.

एनसी लॅकरला एक वैरी आयुष्यभर राहतो: रबर आणि मऊ प्लास्टिक. स्वस्त स्टँडचा फोम, भिंतीवरच्या हँगरचं रबर, रेक्झिनचा पट्टा, यांतली रसायनं पूर्ण पक्क्या झालेल्या लॅकरलाही मऊ करून काळे डाग पाडतात. मी हँगरच्या दोन्ही बोटांना जुन्या सुती धोतराची पट्टी तीन वेढे घालून शिवली आहे, आणि दर पावसाळ्याच्या आधी ती बदलते.